थांबा म्हणणाऱ्यांनी तारीखही सांगावी

मुलुंड असो की बोरिवली, बाळाच्या टू-डी इकोत ‘छिद्र’ निघालं की आठवड्याभरात त्या घरी जे सल्ले येऊन पडतात ते जवळजवळ सारखेच असतात. ‘बुजतं ते आपोआप, आमच्या नणंदेच्या मुलाचं बुजलं.’ ‘एवढ्याशा जिवाची छाती उघडायची? जरा बाळसं धरू दे.’ ‘रंग बघ कसा गुलाबी आहे, निळं पडलं असतं तर गोष्ट वेगळी.’ आणि शेवटी, जरा आवाज उतरवून, ‘हॉस्पिटलवाल्यांना काय, खाटा भरायच्या असतात.’ हे सल्ले अडाणीपणातून येतात असं कुणी समजू नये. शिकल्यासवरल्या घरांत ते दिले जातात, आणि दवाखान्याच्या खुर्चीतूनही अधूनमधून ऐकू येतात. त्यामुळे ते नुसते झटकून चालणार नाही, त्यांना रीतसर उत्तर दिलं पाहिजे.

खंडन करायचं तर पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावा, ही आपल्याकडच्या वादाची जुनी शिस्त. तर पूर्वपक्ष असा. एक, हृदयातली पुष्कळशी छिद्रं खरोखरच आपोआप बुजतात. दोन, मूल जितकं लहान आणि हलकं, तितकी शस्त्रक्रिया जोखमीची, म्हणून वजन दहा किलो होईपर्यंत थांबणं शहाणपणाचं. तीन, जे मूल निळं पडत नाही, हसतं-खेळतं, त्याच्या बाबतीत घाईचं कारण नाही. चार, खासगी रुग्णालयांचा हेतू शंकास्पद आणि खर्च आवाक्याबाहेरचा, तेव्हा शंकेचा फायदा थांबण्याला द्यावा. या चारही मुद्द्यांत सत्याचा अंश आहे, म्हणून तर ही समजूत इतकी चिवट आहे. माझा आक्षेप निष्कर्षाला आहे. या चारांतून ‘थांबावं’ असं निघत नाही. ‘दोष कोणता ते नेमकं ठरवावं, आणि थांबायचंच तर मुदत घालून थांबावं’ एवढंच निघतं.

पहिला मुद्दा घेऊ. आँरी रोजे या फ्रेंच वैद्याने १८७९ साली असं नोंदवलं की खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असलेली काही माणसं छातीत मोठा आवाज बाळगूनही बिनतक्रार जगतात. ते निरीक्षण आजही खरं आहे. पडद्याच्या स्नायूंच्या भागातली बारीक छिद्रं पहिल्या काही वर्षांत बहुतेक वेळा बुजून जातात. वरच्या दोन कप्प्यांमधली बारीक फट तर जन्मताना प्रत्येकालाच असते, कारण गर्भात रक्ताला तीच वाट असते. नवजात बाळाच्या रिपोर्टवर ‘पीएफओ’ ही तीन अक्षरं वाचून ज्या घरांत रडारड होते, त्यांनी निर्धास्त असावं. तो आजार नव्हे.

पण या लहान छिद्रांचा अनुभव सगळ्या छिद्रांना लावणं ही सरळसरळ अतिव्याप्ती झाली. ‘बरीचशी बुजतात’ या वाक्यातली ‘बरीचशी’ म्हणजे मुख्यतः लहान छिद्रं. मोठ्या छिद्राच्या वाट्याला ती सरासरी येत नाही. काही छिद्रं तर त्यांच्या जागेमुळेच बुजू शकत नाहीत. वरच्या पडद्याच्या अगदी तळाशी, झडपांना लागून असलेलं छिद्र आपोआप बुजत नाही. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला सामाईक सांधाच अपुरा राहिला असेल, तर तोही पुढे भरून येत नाही. हा दोष डाउन सिंड्रोमच्या मुलांत विशेष दिसतो, आणि त्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. महाधमनीच्या झडपेखालीच असलेलं छिद्र आशियाई मुलांत पाश्चात्त्य मुलांपेक्षा जास्त आढळतं. त्यात झडपेची पाकळी हळूहळू छिद्रात ओढली जाते. पुढच्या इकोत छिद्र लहान झालेलं दिसतं आणि घरात पेढे वाटले जातात. प्रत्यक्षात छिद्राला बूच लागलेलं असतं ते झडपेच्या पाकळीचं, आणि ती झडप गळू लागलेली असते. छिद्र लहान असूनही इथे शस्त्रक्रिया करावी लागते, ती झडप वाचवण्यासाठी. तेव्हा ‘बुजेल’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा, की कोणतं छिद्र?

दुसरा मुद्दा वजनाचा. हा सल्ला आला कुठून, ते पाहिलं की त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी हृदय-फुप्फुस यंत्राच्या मदतीने हृदयातलं छिद्र पहिल्यांदा यशस्वीपणे बंद केलं, तेव्हा रुग्ण अठरा वर्षांची होती. त्या काळची यंत्रं तान्ह्यांसाठी नव्हतीच. चार किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं साधारण तीन-साडेतीनशे मिलिलिटर, आणि यंत्राच्या नळ्या भरायलाच त्याहून कितीतरी जास्त लागायचं. म्हणून शल्यविशारदांनी मधला मार्ग काढला होता. विल्यम म्युलर आणि फ्रान्सिस डॅमन यांनी १९५२ साली दाखवल्याप्रमाणे फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीला पट्टी आवळायची, फुप्फुसावरचा रक्ताचा लोंढा कमी करायचा आणि मूल मोठं झालं की खरी शस्त्रक्रिया करायची. ‘मोठं होऊ दे’ हा सल्ला त्या काळात रास्त होता. ती तेव्हाच्या यंत्राची अडचण होती आणि डॉक्टरांनी ती प्रामाणिकपणे मान्य केली होती.

पुढे यंत्रं बदलली, सल्ला मात्र तसाच राहिला. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला ब्रायन बॅरट-बॉइज यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून बाळाचं शरीर खोलवर थंड करून, रक्ताभिसरण थोडा वेळ थांबवून तान्ह्यांच्या हृदयाची पूर्ण दुरुस्ती सुरू केली. बोस्टनला आल्डो कास्तान्येदा यांनी आणखी पुढे जाऊन बाजू मांडली की दुरुस्ती शक्य असेल तर ती लवकर आणि एकदाच करावी, कारण बिघडलेल्या रक्तप्रवाहावर हृदय, फुप्फुस आणि मेंदू जितके दिवस वाढतात तितकं नुकसान साचत जातं. हे फक्त श्रीमंत देशांना परवडणारं तत्त्वज्ञान आहे, असा आक्षेप घेणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की बोस्टनमधून निवृत्त झाल्यावर कास्तान्येदा ग्वाटेमालाला गेले आणि तिथे त्यांनी बालहृदयशस्त्रक्रियेचं केंद्र उभं केलं.

एका दोषात तर वयाचं गणित पूर्ण उलटं आहे. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची जन्मतःच अदलाबदल झालेली असली, की अशुद्ध रक्त अंगात फिरत राहतं आणि शुद्ध रक्त फुप्फुसातच घुटमळतं. त्या धमन्या कापून पुन्हा आपापल्या जागी जोडण्याची शस्त्रक्रिया ब्राझीलचे अदिब जातेने यांनी १९७५ साली यशस्वी केली, आणि १९८०च्या दशकात बोस्टनच्या चमूने ती नवजात बाळांवर रूढ केली. इथे डावा खालचा कप्पा फुप्फुसाला रक्त पुरवत असतो. जन्मानंतर फुप्फुसातला दाब उतरतो, तशी या कप्प्याची ताकदही उतरत जाते. पहिल्या तीन-चार आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली तर तो सगळ्या शरीराचा भार पेलतो. नंतर त्याला ते झेपेलच असं नाही. ‘जरा मोठं होऊ दे’ हे वाक्य या बाळाच्या बाबतीत घातक आहे.

आता मोठ्या छिद्राचं बाळ दूध पिताना जवळून पाहा. चार घोट ओढतं, सोडतं, धापा टाकतं, पुन्हा तोंड लावतं. पंखा चालू असतानाही कपाळ आणि टाळू घामाने चिंब. बरगड्यांखाली खड्डे पडतात. अर्ध्या पोटी दमून झोपतं आणि तासाभरात भुकेने उठतं. हृदय दुप्पट काम करत असल्याने जे थोडं पोटात जातं तेही तिथेच खर्ची पडतं. या बाळाने बाळसं धरावं म्हणून छिद्र तसंच ठेवायचं, आणि छिद्र तसंच असल्यामुळे बाळसं धरायचं नाही, हे दुष्टचक्र कुठून तरी तोडावं लागतं. औषधांनी, घट्ट दुधाने, प्रसंगी नाकातल्या नळीने थोडी मदत होते, आणि ती जरूर करावी. पण मूळ कारण पडद्यातच आहे. शस्त्रक्रियेत उजव्या बाजूची झडप हलकेच बाजूला सारून त्या वाटेने छिद्रावर बारीक टाक्यांनी ठिगळ शिवतात. त्यानंतर बहुतेक बाळं काही आठवड्यांत अंग भरू लागतात. अशा बाळाच्या बाबतीत वजन ही शस्त्रक्रियेची अट असूच शकत नाही. ते शस्त्रक्रियेचं फळ आहे.

तिसरा मुद्दा रंगाचा, आणि समजुतीचा सगळ्यात खोल खड्डा इथे आहे. खालच्या कप्प्यांमधल्या मोठ्या छिद्राचं बाळ गुलाबीच असतं, कारण शुद्ध रक्त डावीकडून उजवीकडे वाहतं आणि फुप्फुसात पुन्हा पुन्हा जातं. सारखा कफ, सारखा न्यूमोनिया, महिन्यात दोनदा डॉक्टर. मग दीड-दोन वर्षांच्या सुमाराला आजी समाधानाने सांगते, ‘आता बरं आहे, पूर्वीसारखं आजारी पडत नाही, धापही कमी झाली.’ काही मुलांच्या बाबतीत हे खरोखरचं बरं होणं असतं, छिद्र लहान झालेलं असतं. पण काहींच्या बाबतीत याचा अर्थ अगदी उलटा असतो. फुप्फुसाच्या नाजूक रक्तवाहिन्या इतके दिवस जादा दाबाचा मारा सोसून जाड आणि अरुंद झालेल्या असतात. त्यांनी दार लावून घेतल्यामुळे फुप्फुसात पूर येत नाही, म्हणून धाप नाही. बाहेरून दोन्ही मुलं सारखीच दिसतात. फरक फक्त तपासणीत कळतो.

या प्रवासाचा शेवट कुठे होतो, ते व्हिक्टर आयझेनमेंगर या व्हिएन्नाच्या डॉक्टरने १८९७ सालीच लिहून ठेवलं आहे. त्याचा बत्तीस वर्षांचा रुग्ण लहानपणापासून निळसर होता आणि त्याला धाप लागायची. अखेर रक्ताची गुळणी होऊन तो गेला. शवविच्छेदनात मोठं छिद्र सापडलं. पुढे लंडनचे पॉल वुड यांनी १९५८ साली त्याचा उलगडा केला. फुप्फुसातला दाब शरीरातल्या दाबाच्या बरोबरीला पोहोचला की रक्ताची दिशा उलटते आणि अशुद्ध रक्त अंगात जाऊ लागतं. एकदा ही पायरी ओलांडली की छिद्र बंद करणंच धोक्याचं ठरतं, कारण उजव्या बाजूला दाब सोडायला तीच एक वाट उरलेली असते. ‘निळं पडलं की करू’ म्हणणाऱ्यांनी हे नीट ऐकावं. या दोषात मूल निळं पडतं, तेव्हा ‘करू’ म्हणण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते.

ज्या दोषांत मूल सुरुवातीपासून निळं असतं, तिथेही डोळ्यांवर विसंबता येत नाही. त्वचेत निळेपणा दिसायला रक्तात प्राणवायू गमावलेलं हिमोग्लोबिन ठरावीक प्रमाणात साठावं लागतं. आपल्याकडे पांडुरोग सर्रास. रक्तच कमी असलेलं मूल प्राणवायू उतरूनही निळं दिसत नाही, नुसतं फिकट दिसतं, आणि सावळ्या कांतीत तर ते आणखीच झाकलं जातं. अशाच एका दोषात, फॅलोच्या विकारात, मूल खेळता खेळता मध्येच उकिडवं बसतं. त्या बसण्याने फुप्फुसाकडे जाणारं रक्त वाढतं, ही त्याच्या शरीराने शोधलेली युक्ती असते. पण आपल्या घरांत उकिडवं बसण्यात कुणाला काय वावगं दिसणार? म्हणून ओठ आणि जीभ पाहावी, आणि बोटाला ऑक्सिमीटर लावावा. नवजात बाळाच्या उजव्या हाताला आणि पायाला तो लावून करायची तपासणी दोन मिनिटांची आहे. अमेरिकेने २०११ मध्ये तिचा समावेश नवजात बाळांच्या शिफारस केलेल्या तपासण्यांत केला. ती सगळं पकडत नाही. मोठ्या छिद्राचं गुलाबी बाळ तिच्यातून सुटतं. पण जन्मानंतर काही दिवसांतच जीव घेणारे अनेक दोष ती वेळेवर दाखवते.

‘जन्मल्यावर डॉक्टरांनी तपासलं होतं, तेव्हा काही नव्हतं’ हेही प्रमाणपत्र धरू नये. जन्माच्या वेळी फुप्फुसातला दाब जास्त असल्याने मोठ्या छिद्रातूनही रक्त फारसं वाहत नाही आणि आवाजही येत नाही. दाब उतरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. नेमकी तीच सहा आठवड्यांच्या लसीची वेळ. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. जन्म रत्नागिरीला किंवा कराडला, पहिली लस तिथल्या दवाखान्यात, आणि तिसऱ्या महिन्यात बाळ अंधेरीला. दोन डॉक्टरांच्या मध्ये ही खूण निसटते. त्या लसीच्या दिवशी नुसती सुई टोचून घेऊ नये, छातीला स्टेथोस्कोप लावून घ्यावा आणि दूध पिताना घाम येतो का, ते आपणहून सांगावं.

निदान त्याही आधी होऊ शकतं. गर्भाच्या हृदयाची रचना १८ ते २२ आठवड्यांच्या सोनोग्राफीत बऱ्यापैकी दिसते. त्याचा उपयोग केवळ गर्भपाताच्या निर्णयापुरता आहे, हीदेखील एक रूढ समजूत. २००८ साली मुंबईजवळच्या एका दांपत्याने स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांच्यासह मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला होता. गर्भाच्या हृदयात जन्मजात ‘हार्ट ब्लॉक’ आढळला होता आणि तेव्हाच्या कायद्याची वीस आठवड्यांची मर्यादा उलटून गेली होती. न्यायालयाने परवानगी नाकारली. त्यावरून देशभर चर्चा झाली आणि कायदा अखेर २०२१ मध्ये बदलला. पालकांचा तो हक्क मी कमी लेखत नाही. पण आधी कळण्याचा याहून कितीतरी अधिक वेळा होऊ शकणारा फायदा असा, की बाळ कुठे जन्मावं हे ठरवता येतं. धमन्यांची अदलाबदल झालेलं बाळ हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी जन्मलं, तर जन्मानंतर बंद होणारी गर्भातली रक्तवाहिनी उघडी ठेवणारं औषध पहिल्याच तासांत सुरू होतं.

चौथा मुद्दा संशयाचा आणि पैशाचा. संशय निराधार आहे असं मी म्हणणार नाही. ज्या बारीक छिद्राला हात लावायची गरज नाही, ते ‘बटण बसवून’ बंद करू पाहणारेही असतात. पण या संशयावर उतारा थांबणं हा नाही. उतारा आहे मोजमाप. छिद्र कुठे आणि केवढं? हृदयाचे कप्पे त्यामुळे फुगलेत का? फुप्फुसातला दाब किती? झडपा गळतात का? नको ती शस्त्रक्रिया आणि नको तो उशीर, दोन्ही याच चार प्रश्नांनी टळतात. दुसरं मत घ्यायला परळचं केईएम किंवा वाडिया आहे, आणि पूर्वी ज्यासाठी परळ गाठावंच लागायचं, ते आता अंधेरीच्या कोकिलाबेन आणि मुलुंडच्या फोर्टिससारख्या रुग्णालयांमुळे उपनगरातही होतं.

पैशाची अडचण खरी, पण ती २०१२ पूर्वी होती तशी आज नाही. त्या वर्षी सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, म्हणजे आजची महात्मा फुले जन आरोग्य योजना, पहिल्या टप्प्यातच मुंबई उपनगर जिल्ह्यात आली. जन्मजात हृदयदोषांच्या शस्त्रक्रिया तिच्यात आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच पालघरमधून झाली. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलं तपासतात, आणि हृदयदोष त्यांच्या यादीत आहे. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. नकार आल्यास रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे आणि धर्मादाय आयुक्तांकडे दाद मागता येते. कागदपत्रं जमवायला वेळ लागतो, म्हणूनच मुदत आधी कळायला हवी.

या समजुतीची एक बाजू चारचौघांत बोलली जात नाही. थांबण्याचा भार सगळ्या मुलांवर सारखा पडत नाही. मुलगी असली की ‘छातीवर वण राहील, पुढे लग्नाचं काय’ हा विचार घरात शिरतो. दिल्लीच्या एम्समधल्या अभ्यासात शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या मुलींपैकी ती प्रत्यक्षात करून घेणाऱ्यांचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच कमी आढळलं. वण ब्लाउजखाली झाकता येतो. कायमचा बिघडलेला फुप्फुसातला दाब झाकता येत नाही, आणि त्या अवस्थेत गरोदरपण बाईच्या जिवावर बेतू शकतं. लग्नाची काळजी खरी असेल तर तीही लवकर शस्त्रक्रियेच्याच बाजूने कौल देते.

खंडन झालं. आता मंडन. थांबणं हा एक उपचार आहे, आणि कोणत्याही उपचाराप्रमाणे त्याला कारण, मात्रा आणि मुदत हवी. भारतीय तज्ज्ञांच्या गटाने २००८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली आणि पुढे सुधारली. त्यांचा मथितार्थ असा. बारीक छिद्र असेल तर नुसती देखरेख. वरच्या कप्प्यांमधलं छिद्र मोठं असेल तर साधारण दोन ते चार वर्षांच्या दरम्यान बंद करावं, इथे थांबणं बरोबर आहे. खालच्या कप्प्यांमधलं मोठं छिद्र सहा महिन्यांपर्यंत, आणि औषधांनी बाळ सावरत नसेल तर त्याआधीच. जन्मानंतर बंद व्हायला हवी ती रक्तवाहिनी मोठी आणि उघडी राहिली असेल तर तीन ते सहा महिन्यांत. फॅलोचा विकार बेताचा असेल तर सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान, मूल निळं पडून बेशुद्ध होण्याचे झटके येत असतील तर लगेच. धमन्यांची अदलाबदल पहिल्या काही आठवड्यांत. प्रत्येक मुलाचा हिशेब त्याचा डॉक्टर मांडेल, पण ही चौकट आईबापांना ठाऊक असावी. शस्त्रक्रियेनंतरही वर्षानुवर्षं तपासणी लागते, तीही याच हिशेबात धरावी.

म्हणजे पूर्वपक्षातलं जे खरं आहे ते इथे सगळं राहतं. ज्याने थांबायला हवं तो थांबतोच. जातं ते फक्त मोघम थांबणं. तेव्हा ‘थांबा’ असं कुणीही म्हणालं, आजी असो, शेजारी असो वा डॉक्टर, त्याला विचारावं: कोणत्या दोषासाठी थांबायचं, पुढचा इको कोणत्या तारखेला, आणि कोणत्या तारखेनंतर मात्र थांबायचं नाही? ज्याच्याकडे या तिन्हींची उत्तरं आहेत, त्याचा सल्ला निःशंक मानावा. ज्याच्याकडे नाहीत, त्याच्या ‘थांबा’ला प्रेमाचा सल्ला म्हणावं, वैद्यकीय सल्ला म्हणू नये.